हृदयाची खबर मूत्रपिंडाकडे

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली. कुठल्याही बाजारपेठेत जा, रक्त तपासणाऱ्या लॅबबाहेर ‘फुल बॉडी चेकअप’चा फ्लेक्स दिसतोच. साठ-सत्तर तपासण्या एका दमात, सकाळी उपाशीपोटी यायचं, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. त्यात ‘हृदय’ या मथळ्याखाली पूर्वी कोलेस्टेरॉलचे चार आकडे असायचे. आता तिथे एचएस-सीआरपी येऊन बसलंय, कधी होमोसिस्टीन, कधी लायपोप्रोटीन-ए. ‘किडनी’चं पान वेगळं असतं, त्यावर युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड. घरी रिपोर्ट उघडला की माणूस हृदयाचं पान नीट वाचतो, किडनीच्या पानावर लाल अक्षर नाही एवढं बघतो आणि फाइल ठेवून देतो. माझं म्हणणं असं की कर्जत-खालापूरच्या माणसाला हृदयविकाराची आगाऊ खबर हवी असेल, तर ती त्याला त्या दुसऱ्या पानावर जास्त खात्रीने मिळेल. पहिल्या पानावरच्या नव्या आकड्यांना अर्थ नाही असं नव्हे, पण तो अर्थ इथल्या हवेत, इथल्या पावसात आणि इथल्या कष्टाच्या शरीरात वेगळा लावावा लागतो.

आकड्यांवरून हृदयविकाराचं भाकीत करायची पद्धत १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सुरू झाली. पाच हजारांवर गावकऱ्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली, आणि कुणाला झटका आला, कुणाला नाही, याची नोंद राहू लागली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह ही यादी तिथून पक्की झाली. २००४ सालच्या इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासाने दाखवलं की नऊ घटक मिळून पहिल्या झटक्याच्या जोखमीचा नव्वद टक्के हिशेब लागतो, आणि ते नऊही घटक बदलता येण्याजोगे आहेत. त्याच अभ्यासातल्या दक्षिण आशियाई लोकांचा वेगळा हिशेब २००७ मध्ये छापून आला, त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडच्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५८.८ व्या वर्षी, असं त्यात निघालं. कारण काही गूढ नव्हतं. तेच घटक आपल्याला लवकर चिकटतात.

तरीही एक प्रश्न उरत होता. कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या कितीतरी जणांना झटका येतो, आणि वाईट असलेले कितीतरी जण ऐंशी गाठतात. रक्तात आणखी एखादी खूण असेल का, ही शोधाशोध त्यातून सुरू झाली.

सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, मुळात हृदयाच्या शोधात सापडलेलं नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते दिसलं. शरीरात कुठेही दाह झाला, जंतू शिरला, जखम झाली, की इंटरल्युकिन-६ नावाचा संदेश यकृताला पोचतो आणि यकृत हे प्रथिन तयार करू लागतं. एक-दोन दिवसांत पातळी शेकडो पट वाढू शकते, आणि दाह ओसरला की तितक्याच वेगाने उतरते. तापाच्या रुग्णाचं डॉक्टर जे साधं सीआरपी तपासायला सांगतात, ते हेच. ‘एचएस’ जोडलं की प्रथिन बदलत नाही. एवढंच की मोजणी इतकी बारीक होते की लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅमचा फरकही कळतो.

हृदयाशी नातं असं जुळलं. धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर नुसता साचलेला नसतो, त्यात पांढऱ्या पेशी घुसून धुमसत असतात, आणि असा धुमसता थर फुटला की रक्ताची गुठळी होऊन झटका येतो, हे विसाव्या शतकाच्या शेवटी स्पष्ट होत गेलं. १९९७ साली बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी दाखवलं की धडधाकट पुरुषांत ज्यांचं सीआरपी आधीपासून जास्त होतं, त्यांना पुढे झटके जास्त आले. २००३ मध्ये अमेरिकेत रेषा ठरल्या: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी जंतुसंसर्ग शोधायचा आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची. लॅबचे रिपोर्ट हा शेवटचा नियम क्वचित छापतात. आपल्याकडे त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

पुढची पंधरा-वीस वर्षं या एका प्रथिनावर जितका वाद झाला, तितका क्वचित कुठल्या तपासणीवर झाला असेल. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ लोक घेतले, त्यांचं कोलेस्टेरॉल ठीक पण सीआरपी २ च्या वर. रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी दिल्यावर झटके आणि तत्सम प्रसंग ४४ टक्क्यांनी घटले. सीआरपीवाल्यांनी जल्लोष केला. टीकाकारांनी विचारलं की सीआरपी कमी असलेल्यांना हीच गोळी देऊन पाहिलीत का? पाहिली नव्हती. मग जनुकांचा आधार घेऊन अभ्यास झाले. ज्यांचं सीआरपी जन्मतःच जास्त, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही, असं २०११ च्या सुमारास निघालं. म्हणजे सीआरपी स्वतः धमनी बिघडवत नाही. मात्र त्याच्या वरचा दुवा, इंटरल्युकिन-६, बिघाडात सामील आहे, असं पुढच्याच वर्षी तशाच पद्धतीने दिसलं. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीने यावर शिक्का मारला. कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता दाह कमी करणारं इंजेक्शन दहा हजारांवर हृदयरुग्णांना दिलं, तर प्रसंग १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांची संख्या वाढली. क्षयरोग आणि लेप्टोच्या मुलखात हे वाक्य दोनदा वाचावं.

मग स्वस्त औषधांकडे मोर्चा वळला. मेथोट्रेक्सेट फसलं. कॉल्चिसिन, म्हणजे गाउटवरची जुनी गोळी, २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत यशस्वी ठरली, अमेरिकेत २०२३ मध्ये हृदयासाठी तिला परवानगी मिळाली, आणि २०२४ च्या आणखी मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच देऊनही तिचा फायदा दिसला नाही. कॉल्चिसिन ज्या वनस्पतींत असतं त्यांतली एक म्हणजे आपली कळलावी. पावसाळ्यात भीमाशंकरच्या पायथ्याच्या रानात आणि राजमाचीच्या वाटेवर तिची लाल-पिवळी फुलं दिसतात. तिच्या कंदाने माणसं दगावतात, त्यामुळे हे वाचून कुणी झाडपाल्याच्या वाटेला जाऊ नये. आणि गोळी असली तरी ती मूत्रपिंड फार अधू असलेल्याला देत नाहीत. दाहाची गोष्ट फिरून किडनीपाशी येते ती अशी, आणि ही काही शेवटची वेळ नाही.

भाकीत म्हणून मात्र सीआरपीने आपली जागा सोडलेली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या २७,९३९ स्त्रियांचा तीस वर्षांचा हिशेब छापून आला. सुरुवातीला घेतलेल्या एकाच नमुन्यातलं सीआरपी पुढच्या तीस वर्षांतल्या हृदयविकाराची खूण कोलेस्टेरॉलपेक्षा ठळकपणे देत होतं. २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने सगळ्यांचंच एचएस-सीआरपी पाहा असं निवेदन काढलं. याच्या उलट बाजूला २०१२ चा केंब्रिजचा हिशेब ठेवायला हवा. ५२ अभ्यासांतल्या जवळजवळ अडीच लाख लोकांचा आढावा घेऊन त्यांनी काढलं की मध्यम धोक्याच्या चारशे ते पाचशे लोकांचं सीआरपी तपासलं, तर दहा वर्षांत एक जादा प्रसंग टळेल. ज्या देशात सगळ्यांचा रक्तदाब मोजून, औषध देऊन झालं आहे तिथे हा हिशेब परवडतो. ज्या तालुक्यात अजून बीपी मोजायचं राहिलंय, तिथे तोच पैसा आधी त्यावर खर्च व्हावा.

आता आपल्या लोकांकडे येऊ. घाट चढून पलीकडे गेलं की पुणे, आणि या प्रश्नावरचं भारतातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात झालं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचं २००४ सालचं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. दोघांचा बीएमआय सारखाच, पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराची ओळख जगाला त्या चित्राने करून दिली. त्याआधी, १९९९ मध्ये, याच दोघांनी सहकाऱ्यांबरोबर एक छोटा पण मोलाचा निबंध छापला होता. पुणे शहरातल्या लोकांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे संदेश चढलेले होते. गावातल्या लोकांत तसं नव्हतं. शहरात येताना माणूस फक्त वजन आणत नाही, दाहही आणतो, असा त्याचा रोख होता. पुढे क्रायसिस नावाच्या अभ्यासात त्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष घेतले, तीन ठिकाणचे: खेडं, शहरातली झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती. खेड्यापासून मध्यमवर्गीय वस्तीपर्यंत चरबी वाढत गेलेली दिसली. त्याच ४४१ जणांत दोनतृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि निम्म्याहून अधिक लोकांचं होमोसिस्टीन जास्त. होमोसिस्टीनची कथा इथेच आटोपतो: जगभर चाचण्या झाल्या, जीवनसत्त्वं देऊन ते खाली आणलं, झटके कमी झाले नाहीत. पॅकेजात ते दिसलं तर बी-१२ कमी असेल एवढं समजावं. मूत्रपिंड अधू झाल्यावरही ते वाढतं, हे आणखी एक.

पुण्याच्या अभ्यासाला तीन वस्त्या शोधाव्या लागल्या. कर्जत-खालापुरात त्या तिन्ही एका रिक्षाच्या फेरीत येतात. डोंगराच्या कडेला ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या, जिथली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. खोपोलीपासून पाताळगंगेपर्यंत कारखाने, त्यांतले कंत्राटी कामगार, पाळीची ड्युटी, कँटीनचं जेवण. आणि नेरळ, भिवपुरी, कर्जत स्टेशनच्या आसपासच्या सोसायट्या, जिथला चाकरमानी पहाटेची लोकल धरतो आणि रात्री नऊला वडापाव हातात घेऊन उतरतो. या तिघांचं एचएस-सीआरपी सारखंच ४ आलं, तर त्याचा अर्थ सारखा नाही.

चाकरमान्याच्या ४ चा अर्थ बहुधा पुस्तकातलाच असतो: पोटाचा घेर, झोप कमी, बसून काम, कदाचित दुर्लक्षित हिरड्या. त्याच्यासाठी ही तपासणी उपयोगाची आहे, विशेषतः वडिलांना लवकर झटका आलेला असेल आणि कोलेस्टेरॉल ‘जेमतेम’ असेल तर. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची की नाही हा तिढा अशा वेळी सीआरपीने सुटू शकतो. वाडीवरच्या बाईच्या ४ मागे मात्र काय काय असू शकतं? चुलीचा धूर, मशेरी, पायाची चिघळलेली जखम, खोकला, जंत, नुकताच उतरलेला ताप. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात आषाढ-श्रावणात लावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचं सीआरपी हृदयासाठी तपासणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तो आकडा धमनीबद्दल बोलतोय की पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांबद्दल, हे सांगता येत नाही.

हा नुसता तर्क नाही. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या जंगलात चिमाने नावाचे आदिवासी राहतात. शेती, मासेमारी, शिकार, आणि अंगावर कायम कुठला ना कुठला संसर्ग. २०१७ मध्ये त्यांच्यातल्या ७०५ जणांच्या हृदयाचं सीटी स्कॅन झालं. निम्म्याहून अधिक लोकांचं सीआरपी धोक्याच्या रेषेवर होतं, आणि ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा कणही नव्हता. इतक्या स्वच्छ धमन्या जगात दुसरीकडे नोंदलेल्या नव्हत्या. जंतूंनी पेटवलेला दाह आणि चरबीने पेटवलेला दाह रक्तात एकाच आकड्याने दिसतात, धमनीत एकसारखे वागत नाहीत. म्हणून लगेच ठाकरवाडीला चिमाने समजायचं कारण नाही. त्यांच्या धमन्या स्वच्छ होत्या त्या दिवसभराच्या चालण्याने आणि ९० च्या आसपासच्या एलडीएल कोलेस्टेरॉलने. तंबाखू, खारवलेली सुकट, किराणा दुकानातलं पामतेल आणि मुलांच्या हातातली पाच रुपयांची पाकिटं वाडीवर केव्हाच पोचली आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला निघाला. आदिवासी भागात रक्तवाहिन्यांचे आजार नसतात हा समज तिथेच मोडला.

मग या माणसाचा धोका ओळखायचा कसा? इथे किडनीचं पान उघडावं लागतं.

मूत्रपिंड म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि शरीरातल्या रक्तवाहिन्यांची दशा तिथे लवकर कळते. नातं दुहेरी आहे. बीपी आणि साखर मूत्रपिंड बिघडवतात. बिघडलेलं मूत्रपिंड उलट बीपी वाढवतं, अंगात मीठपाणी साठवतं, फॉस्फेट वाढवून धमन्या कडक करतं, रक्त कमी करतं आणि शरीरात मंद दाह पेटता ठेवतं. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या ११ लाख २० हजार लोकांची नोंद तपासली गेली. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ६० च्या वर असलेल्यांच्या तुलनेत ४५ ते ५९ असलेल्यांत हृदयाचे प्रसंग १.४ पट, ३० ते ४४ मध्ये दुप्पट, १५ ते २९ मध्ये २.८ पट. पायरीपायरीने चढणारा असा आलेख सीआरपीलाही सहज मिळत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासातली गोष्ट लोकांच्या समजाच्या नेमकी उलट आहे. किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्यातल्या लोकांपैकी पाच वर्षांत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोचले जेमतेम १.३ टक्के, आणि वारले २४ टक्के. किडनी अधू झालेला माणूस डायलिसिसला घाबरतो. त्याला बहुतेक वेळा आधी गाठतं ते हृदय.

हे सगळं कळतं ते क्रिएटिनिन या जुन्यापान्या तपासणीतून. तिची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ याफे याने १८८६ साली दिली, आणि आजही ती बहुतेक लॅबमध्ये चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती मोफत होते, नमुना महालॅबकडे जातो आणि रिपोर्ट परत येतो. अडचण तपासणीत नाही, वाचण्यात आहे. एक उदाहरण जवळून पाहू. समजा दोन रिपोर्ट समोर आहेत, दोन्हींत क्रिएटिनिन १.१. एक तीस वर्षांच्या कारखान्यातल्या पुरुषाचा, दुसरा बासष्ट वर्षांच्या वाडीवरच्या आजीचा. दोन्हींपुढे लाल अक्षर नाही, कारण १.१ लॅबच्या ‘नॉर्मल’ चौकटीत बसतं. आता हा आकडा २०२१ च्या सूत्रात वय आणि लिंग घालून टाका. पुरुषाचा ईजीएफआर येतो ९३ च्या आसपास, म्हणजे उत्तम. आजीचा येतो ५७. तीन महिन्यांनी पुन्हा तसाच आला तर ती दीर्घकालीन किडनीविकाराची रुग्ण आहे, आणि पन्नाशीपुढच्या अशा रुग्णाला कोलेस्टेरॉल कितीही असलं तरी स्टॅटिन द्यावं असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. २०११ च्या शार्प चाचणीत ९,२७० किडनीरुग्णांना कोलेस्टेरॉलची औषधं दिल्यावर हृदयाचे प्रसंग १७ टक्क्यांनी घटले, त्यावर तो बेतलेला. थोडक्यात, आजीचं हृदय धोक्यात आहे हे ‘नॉर्मल’ रिपोर्टात लिहिलेलं होतं. वाचलं गेलं नाही.

आणि ५७ हा आकडाही आजीला झुकतं माप देणारा असू शकतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्याच्या अंगावर मांस नाही, आणि जेवणात मटण-मासे कधीमधीच, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे सूत्र त्याचं मूत्रपिंड आहे त्याहून चांगलं दाखवतं. गोऱ्या लोकांवर बेतलेली सूत्रं भारतीयांचा ईजीएफआर जास्त सांगतात हे आपल्याकडच्या नेफ्रॉलॉजिस्टांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं आहे. अडतीस-चाळीस किलोच्या बाईच्या बाबतीत हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

त्यावर उपाय म्हणून सिस्टॅटिन-सी पुढे आलं. ते स्नायूंवर अवलंबून नाही, आणि वयस्क लोकांत हृदयाचं भाकीत क्रिएटिनिनपेक्षा चांगलं करतं, हे २००५ मध्येच दिसलं होतं. पण दाह, धूम्रपान, लठ्ठपणा, थायरॉइड आणि स्टेरॉइडची गोळी, सगळ्यांनी ते हलतं. म्हणजे किडनीची खूण शोधायला गेलो आणि पुन्हा दाहाच्या दारात. शिवाय ते महाग, आणि तालुक्याच्या ठिकाणी नमुना बाहेर पाठवावा लागतो. मोठ्या रुग्णालयात शंका फेडायला ठीक, वाडीवर उपयोग नाही.

माझ्या मते या साऱ्या आढाव्यात सगळ्यात दुर्लक्षित तपासणी रक्ताची नाहीच, लघवीची आहे. लघवीतून अल्ब्युमिन किती जातं, त्याचं क्रिएटिनिनशी प्रमाण. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोक्याची घंटा. २०१५ मध्ये २४ अभ्यासांतल्या ६ लाख ३७ हजार लोकांचा एकत्र हिशेब झाला, त्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचं आणि हार्ट फेल्युअरचं भाकीत सुधारण्यात हे अल्ब्युमिन ईजीएफआरहूनही सरस ठरलं. कारण उघड आहे. गाळणी झिरपायला लागते ती वेग कमी होण्याच्या बरीच आधी. शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर ढिलं पडतंय याची ती पहिली कबुली असते. सकाळच्या लघवीची बाटली, सुई नाही, उपास नाही. आणि तरी मधुमेहाची गोळी दहा-दहा वर्षं घेणाऱ्या किती जणांच्या फाइलीत हा कागद सापडतो, ते ज्याने त्याने आपल्या घरच्या फाइलीत पाहावं.

इथल्या मूत्रपिंडांवर भार कसला, याची यादी लांब आहे. लेप्टोचा ताप मूत्रपिंडाला थेट मारतो. त्या दिवसांत वाढलेलं क्रिएटिनिन म्हणजे कायमचा आजार नव्हे, पण नंतर ते परत तपासलं पाहिजे, आणि तेच राहून जातं. वीटभट्टीवर मार्च ते मे उन्हात काम, पाणी कमी. कंबर, गुडघे, अंग दुखलं की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा दुकानातून सुटी गोळी, आणि ‘सुई मारली’ तरच डॉक्टर चांगला हा हिशेब. याच्याही मागे जायचं तर जन्मापाशी जावं लागतं. गाळणीचे घटक बाळ पोटात असतानाच तयार होतात, नंतर वाढत नाहीत. कमी वजनाचं बाळ कमी गाळण्या घेऊन जन्मतं आणि पुढे त्याला बीपी आणि किडनीविकार लवकर होतात, हा विचार बोस्टनच्या ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडला. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिकांच्या पथकाने बाळं मोजली तेव्हा सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं, इंग्लंडच्या साउदम्प्टनमध्ये ३.५. कर्जतचं नाव पेपरात येतं ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. कुपोषण हा लहान मुलांचा विषय आणि हार्टॲटॅक हा मोठ्यांचा, अशी वाटणी आरोग्य खात्याच्या फाइलींत असते. शरीरात नसते.

धोका मोजणाऱ्या गणितांचीही एक फेरी मारू. ब्रिटनच्या क्यूरिस्क-३ मध्ये किडनीविकार हा रकाना आहे, आणि भारतीय वंश हाही. अमेरिकेचं २०२३ चं प्रिव्हेंट हे साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर उभं आहे. त्यात ईजीएफआर सक्तीचा, लघवीतलं अल्ब्युमिन ऐच्छिक, आणि सीआरपीला जागाच नाही. माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल, पण तो माझ्या एकट्याचा नाही एवढंच यावरून सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा दक्षिण आशियासाठीचा तक्ता याहून साधा, त्याची एक आवृत्ती तर रक्त न काढता वापरता येते: वय, लिंग, तंबाखूचा धूर, बीपी, बीएमआय. त्यात किडनी नाही. आणि बीएमआयवर विसंबणारं गणित ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीराला फसतं, हे पुण्याने शिकवलंच आहे.

आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला बीपी-शुगरचा इतिहास. मग उपकेंद्रात बीपी आणि बोटातून साखर. काम चांगलं आहे, आणि पायी वाड्या चढणाऱ्या आशाताई ते किती कमी मानधनात करतात हे वेगळं सांगायला नको. त्यापुढची पायरी मात्र लंगडी आहे. बीपी किंवा साखर निघालेल्या माणसाचं क्रिएटिनिन झालं तर त्याचा ईजीएफआर कुणी काढत नाही, आणि लघवीचं अल्ब्युमिन होतच नाही. याच्या दुसऱ्या टोकाला सरकार पैसे मोजायला तयार आहे. २०१२ साली जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. तीच आता महात्मा फुले जन आरोग्य योजना, आणि त्यात अँजिओप्लास्टीही बसते, डायलिसिसही. म्हणजे शेवटच्या अंकाचं तिकीट फुकट, पहिल्या अंकाला प्रवेश नाही.

पूर्वी याला एक उत्तर होतं: लवकर कळून करायचं काय? ते आता चालत नाही. बीपीच्या ज्या गोळ्या अल्ब्युमिन कमी करतात, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, त्या कित्येक वर्षं स्वस्त आहेत. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात साखरेचं औषध. २०२० च्या चाचणीत त्याने किडनीरुग्णांचं मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळलं, मधुमेह नसलेल्यांचंही. त्याच वर्षी भारतात त्याचं पेटंट संपलं आणि किंमत कोसळली. सीआरपी वाढलेलं निघालं तर त्यावर नेमकं औषध आज सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. इंटरल्युकिन-६ रोखणारं झिल्टिव्हेकिमॅब खास किडनीविकार आणि दाह दोन्ही असलेल्या हृदयरुग्णांसाठी तपासायला घेतलं गेलं, पण ते इंजेक्शन आहे आणि संसर्गाचा प्रश्न त्यालाही आहे. अल्ब्युमिन वाढलेलं निघालं तर मात्र औषध कर्जतच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं.

२०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत बीपीच्या प्रत्येक रुग्णाचं लघवीचं अल्ब्युमिन तपासा असं आता स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या आरोग्य खात्याने रायगडच्या डोंगराकडच्या तालुक्यांपासून तशी सुरुवात करावी. लॅबवाल्यांनी क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर छापावा, त्याला रसायन लागत नाही, फक्त वय आणि सूत्र लागतं. चाळिशीतल्या, तब्येतीने ठीक पण घरात हृदयविकार असलेल्या नोकरदाराने एचएस-सीआरपी जरूर करून घ्यावं, ताप-सर्दी नसताना, दोनदा. बाकी ज्यांची बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे, त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसल्यावर दोनच गोष्टी विचाराव्यात: माझा ईजीएफआर किती, आणि लघवीचं अल्ब्युमिन केव्हा तपासायचं?